विमान तीन तासांचे, प्रवास सतरा तासांचा

जालन्याच्या मोंढ्यात किंवा कादराबादच्या दुकानांवर चहाच्या वेळी आता दुबई, शारजा, जेद्दा ही नावे भोकरदन आणि अंबडइतक्याच सहजपणे निघतात. कोणाचा मुलगा तिकडे नोकरीला असतो, कोणी सुटे भाग आणायला जातो, कोणी बियाण्याचे नमुने पाठवतो, तर कोणाच्या घरी हज-उमऱ्याची तयारी चाललेली असते. अशा वेळी तिकीट काढून देणाऱ्या एजंटाला पहिला प्रश्न विचारला जातो, "किती लांब आहे? किती तास लागतात?" एजंट सांगतो, "दुबई ना? तीन तास." उत्तर खरे असते. पण त्या तीन तासांच्या भरवशावर आपला व्यापारी तिकडच्या गिऱ्हाइकाला भेटीची वेळ देतो, माल पोहोचवण्याचा वायदा करतो, आणि नुकसान नेमके तेथे होते.

मुंबई ते दुबई हे विमानाचे अंतर आहे. जालना ते दुबई हा आपला प्रवास आहे. या दोन गोष्टी वेगळ्या धरल्याशिवाय परदेशाशी संबंधित कोणताही हिशोब बरोबर बसणार नाही, हे या लेखातून सांगायचे आहे.

माझ्या ओळखीचे एक छोटे कारखानदार आहेत. जुन्या यंत्राचे काही भाग शारजाच्या बाजारात स्वस्त मिळतात असे कळल्यावर त्यांनी तिकिटे काढली. चिकलठाण्याहून मुंबईचे एक तिकीट आणि मुंबईहून शारजाचे दुसरे, दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची. दोन विमानांमध्ये सव्वादोन तासांचे अंतर होते. कागदावर ते पुरेसे वाटले. प्रत्यक्षात पहिले विमान तासभर उशिरा सुटले, मुंबईला सामान हातात यायला अर्धा तास गेला, आणि ते आंतरराष्ट्रीय खिडकीपाशी पोहोचले तेव्हा नोंदणी बंद झाली होती. दुसऱ्या कंपनीने हात वर केले, कारण पहिल्या विमानाच्या उशिराशी तिचा काही संबंध नव्हता. तिकिटाचे पैसे गेले, नवे तिकीट दुप्पट भावाने घ्यावे लागले, आणि दुसऱ्या दिवशी शारजाला पोहोचेपर्यंत माल दुसऱ्याने उचलला होता. ते मला म्हणाले, "तीन तासांच्या वाटेत मी दीड दिवस घालवला." चूक कोणाची यापेक्षा हिशोब कोठे चुकला हे पाहणे महत्त्वाचे आहे.

अंतर एक, आकडे तीन

विमानाचे अंतर कसे मोजतात ते आधी समजून घेऊ. पृथ्वी गोल आहे, म्हणून दोन विमानतळांमधले सर्वांत जवळचे अंतर त्या गोलावरून दोरी ताणून धरावी तसे मोजतात. या पद्धतीने मुंबई ते दुबई सुमारे 1,930 किलोमीटर भरते. हेच अंतर कोठे 1,200 मैल, तर कोठे 1,040 सागरी मैल असे दिलेले असते. वैमानिक आणि जहाजवाले सागरी मैल वापरतात व एक सागरी मैल 1.852 किलोमीटरचा असतो. आकडे पाहून गोंधळण्याचे कारण नाही, अंतर तेच आहे. आपल्याकडे पूर्वी शेर आणि किलो एकाच बाजारात चालत, तसाच हा प्रकार समजावा.

आता वेग पाहू. मोठे प्रवासी विमान उंचीवर गेल्यावर ताशी 800 ते 900 किलोमीटरने चालते. त्या हिशोबाने दुबई सव्वादोन तासांत यायला हवी. पण वेळापत्रकात तीन ते सव्वातीन तास लिहिलेले असतात. विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात, हे त्याचे कारण. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, वर चढणे, खाली उतरणे, ठरलेल्या आकाशमार्गाचा वळसा, हे सर्व त्यात आले. अंतर जितके कमी तितका हा वरखर्च अधिक जाणवतो. चिकलठाणा ते मुंबई आकाशातून जेमतेम 280 किलोमीटर आहे. वीस मिनिटांची ही वाट, पण वेळापत्रकात तिला तासाभराची जागा द्यावी लागते.

जाण्याचा आणि येण्याचा वेळही सारखा नसतो. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, विशेषतः हिवाळ्यात. त्यामुळे आखाताकडे किंवा युरोपकडे जाताना विमानाला वाऱ्याविरुद्ध जावे लागते आणि परतताना वारा पाठीशी असतो. लंडनसारख्या लांबच्या वाटेवर हा फरक साधारण तासाभराचा पडतो. शिवाय राजकारणही आकाशात पोहोचते. 2019 मध्ये काही महिने, आणि पुन्हा एप्रिल 2025 मध्ये, पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला. नकाशावरचे अंतर तसूभरही वाढले नव्हते, पण तास वाढले. मुंबईहून आखाताकडे जाणारा मार्ग मुख्यतः अरबी समुद्रावरून जातो, म्हणून तेथे त्याची झळ कमी लागली.

तिकिटावरचे घड्याळ

दुसरा घोटाळा घड्याळाचा आहे. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, जेद्दाचे अडीच तास मागे.

समजा, मुंबईहून विमान सकाळी 10 ला सुटले आणि तिकिटावर दुबईला 11.45 ला पोहोचते असे लिहिले आहे. वाचणाऱ्याला वाटते, पावणेदोन तासांत पोहोचलो. प्रत्यक्षात सव्वातीन तास गेलेले असतात. मुंबईहून दुपारी 4 ला निघालेले विमान जेद्दाला संध्याकाळी 7 ला पोहोचते असे दिसले, तर तो प्रवास तीन तासांचा नसून साडेपाच तासांचा आहे. परतीला उलटे होते. दुबईहून रात्री 11 ला निघालेले विमान मुंबईला पहाटे 3.30 ला पोहोचते. कागदावर साडेचार तास दिसतात, विमानात बसावे लागते तीनच तास. मात्र तारीख बदललेली असते, हे विसरून चालत नाही.

या तारखेनेच अनेकांना फसवले आहे. आखाताकडची पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर 15 तारीख, वेळ रात्रीचे 12.30 असे असेल, तर जालन्यातून 14 तारखेला सकाळीच निघावे लागते. "15 तारखेचे विमान आहे" असे समजून 15 ला सकाळी घरून निघणारा माणूस मुंबईला पोहोचतो तेव्हा त्याचे विमान कधीच जाऊन पोहोचलेले असते. असे प्रसंग सुशिक्षित घरांतही घडलेले आहेत. तिकीट हातात आल्याबरोबर त्याच्या मागे आपल्या हाताने लिहून ठेवावे: जालना सोडण्याचा वार, तारीख आणि वेळ.

जालन्याच्या उंबरठ्यापासून

आता खरा हिशोब मांडू. जालन्याहून रेल्वेने मुंबई सव्वाचारशे किलोमीटरांहून अधिक आहे. वंदे भारत गाडी 30 डिसेंबर 2023 रोजी जालन्याहून सुरू झाली आणि 2025 मध्ये नांदेडपर्यंत वाढवली गेली. या वेगवान गाडीलाही जालना-मुंबई वाटेवर सहा तासांहून अधिक लागतात, इतर गाड्यांना सात-आठ तास. घर ते स्टेशन धरून साडेसात तास समजा. मुंबईत स्टेशनवरून विमानतळापर्यंत दीड तास. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी हजर राहावे लागते. विमानाचे सव्वातीन तास. दुबईत पासपोर्ट तपासणी, सामान आणि शहरात पोहोचणे यांचा दीड तास. बेरीज पावणेसतरा तास. म्हणजे जवळजवळ सतरा तासांपैकी विमान हवेत आणि धावपट्टीवर मिळून सव्वातीन तासच चालले. बाकीचा सगळा वेळ त्याच्या मागेपुढे गेला.

दुसरा मार्ग चिकलठाण्याचा. हा विमानतळ छत्रपती संभाजीनगर शहराच्या पूर्वेला, जालना रस्त्यावरच आहे. त्यामुळे जालन्याहून तो सुमारे 50 किलोमीटर पडतो आणि शहराच्या गर्दीत शिरावे लागत नाही. घर ते विमानतळ सव्वा तास, तेथे दीड तास, मुंबईपर्यंत सव्वा तास, मुंबईत दुसऱ्या विमानासाठी चार तास, मग सव्वातीन तास आणि शेवटचा दीड तास. बेरीज पावणेतेरा तास. चार तासांची बचत. पण ही बचत दोन विमानांच्या वेळा जुळल्या तरच. जुळल्या नाहीत, तर मुंबईत आठ-दहा तास बसावे लागते आणि रेल्वेने गेलेला शेजारी आपल्या आधी दुबईला पोहोचतो.

तिसरा मार्ग समृद्धी महामार्गाचा. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरचा हा रस्ता 5 जून 2025 रोजी पूर्ण खुला झाला आणि तो आपल्या जिल्ह्यातून जातो. तीन-चार जण मिळून जाणार असतील तर गाडी परवडते आणि वेळ आपल्या हातात राहतो. मात्र रात्रभर एकट्या ड्रायव्हरला गाडी चालवायला लावून पहाटेचे विमान गाठण्याचा हट्ट धरू नये. त्या सरळ रस्त्यावर डोळा लागायला वेळ लागत नाही.

आणखी एक नवी गोष्ट ध्यानात घ्यावी. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरअखेर तेथून विमाने उडू लागली. आता तिकिटावर नुसते "मुंबई" पाहून निघणे धोक्याचे आहे. एक विमानतळ अंधेरीजवळ, दुसरा उलव्याला पनवेलच्या बाजूला. मुंबईच्या गर्दीत एकाकडून दुसऱ्याकडे जायला दोन तास सहज लागतात. उतरायचे एका ठिकाणी आणि चढायचे दुसऱ्या ठिकाणी, असे तिकीट स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

जवळचे अंतरच महाग

अंतर वाढले की भाडे वाढते, असा आपला समज असतो. एस.टी.च्या बाबतीत तो खरा आहे, विमानाच्या बाबतीत नाही. याचा मोठा दाखला आपल्याच लोकांनी 2023 च्या हजच्या वेळी पाहिला. मुंबई ते जेद्दा आकाशातून सुमारे 3,520 किलोमीटर आहे आणि चिकलठाणा ते जेद्दा सुमारे 3,765. फरक अडीचशे किलोमीटरचाही नाही, म्हणजे विमानाची वीसेक मिनिटे. पण त्या वर्षी औरंगाबादहून जाणाऱ्या यात्रेकरूला मुंबईहून जाणाऱ्यापेक्षा जवळजवळ 88 हजार रुपये अधिक भरावे लागले. नवरा-बायको दोघे गेले तर 1 लाख 76 हजार. कष्टाने पैसा जोडणाऱ्या कारागिराच्या घरात ही एका मुलीच्या लग्नाची किंवा एका यंत्राची रक्कम होते.

असे का व्हावे? विमानाचे भाडे किलोमीटरवर ठरत नाही. त्या ठिकाणाहून किती लोक जाणार, किती कंपन्या तेथून विमान न्यायला तयार आहेत, केवढे विमान उतरू शकते आणि परत येताना ते भरलेले असेल की रिकामे, यांवर ते ठरते. हजचे विमान लोकांना सोडून बहुधा रिकामेच परतते आणि त्या रिकाम्या फेरीचा खर्चही जाणाऱ्याच्या माथी येतो. मुंबईहून हजारो लोक जातात, तेव्हा हा बोजा वाटला जातो. लहान ठिकाणी तो थोड्याच लोकांवर पडतो.

म्हणून मुंबईच निवडावी असे सरसकट सांगणे मला योग्य वाटत नाही. सत्तरीच्या आई-वडिलांना रेल्वे, टॅक्सी आणि मुंबईतला मुक्काम सोसणार नसेल, तर जवळच्या विमानतळासाठी जास्त पैसे देण्यात शहाणपण आहे. निरोप द्यायला येणाऱ्या नातलगांचा मुंबईपर्यंतचा खर्चही मोजला पाहिजे. पण अर्जात ठिकाण निवडताना हा हिशोब घरात बसून, कागदावर मांडून झाला पाहिजे. "जवळ आहे म्हणजे स्वस्त असेल" हा अंदाज धरून सही करणे, यात मात्र शहाणपण नाही.

मालाचा प्रवास माणसाहून लांब

माणसापेक्षा माल सावकाश चालतो. मुंबई-दुबई विमान मालासाठीही सव्वातीन तासांचेच असते. पण जालन्यातून टेम्पोने मुंबई, तेथे क्लिअरिंग एजंट, कस्टमची तपासणी, विमानात जागा मिळेपर्यंत थांबणे, आणि तिकडे पुन्हा कस्टम, असे करता चार-पाच दिवस सहज जातात. त्यात शुक्रवार-रविवारच्या सुट्ट्या आल्या तर आठवडा. म्हणून गिऱ्हाइकाला "विमानाने पाठवतो, उद्या मिळेल" असे कधीही सांगू नये. वायदा आठ दिवसांचा करावा आणि पाच दिवसांत माल पोहोचवावा. व्यापारात शब्द पाळणाऱ्याचीच पत राहते.

कोणता माल विमानाने पाठवावा हाही प्रश्न आहे. जालन्याची सळई विमानाने जाणार नाही, ती ट्रकने आणि जहाजानेच जाईल. 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आपली मोसंबीही वजनदार आणि कमी भावाची आहे, तिला विमानाचे भाडे झेपणे कठीण. बियाणे मात्र हलके आणि मोलाचे असते. 1964 मध्ये येथे महिको उभी राहिल्यापासून जालना बियाण्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. बियाण्याच्या नमुन्याला विमानाचे भाडे परवडते, पण त्यासोबत वनस्पती आरोग्याचे प्रमाणपत्र नसेल तर पाकीट तिकडच्या कस्टममध्येच अडकते.

हिमरू शाल, भरतकाम, टोप्या असा हलका माल पाठवणाऱ्या कारागिरांनी आणखी एक नियम समजून घ्यावा. विमानाने माल पाठवताना काट्यावरचे वजन आणि खोक्याच्या आकाराचे वजन यांपैकी जे जास्त त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून 6,000 ने भागायचे. 60 बाय 50 बाय 40 चे खोके असेल तर गुणाकार 1,20,000 येतो आणि वजन 20 किलो धरले जाते. आत माल 12 किलोचा असला तरी पैसे 20 किलोचे. कुरिअरवाले बहुधा 5,000 ने भागतात, तेव्हा तेच खोके 24 किलोचे होते. म्हणजे खोक्यातल्या रिकाम्या हवेचेही भाडे भरावे लागते. माल दाबून, लहान खोक्यात भरणारा कारागीर निम्मे भाडे वाचवतो.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, प्रवास घरापासून मोजावा. एजंटाला "विमान किती तासांचे?" असे विचारू नये. "मी जालन्यातून कधी निघायचे आणि तिकडे माझ्या ठिकाणी कधी पोहोचेन?" असे विचारावे, आणि उत्तर लिहून घ्यावे.

दुसरी गोष्ट, दोन विमाने असतील तर शक्यतो एकाच तिकिटावर घ्यावीत. एका तिकिटावर पहिले विमान उशिरा आले तर पुढे नेण्याची जबाबदारी कंपनीवर येते. वेगळ्या तिकिटांवर ती आपली असते. थोडे पैसे वाचवण्यासाठी वेगळी तिकिटे घ्यायचीच असतील, तर मध्ये निदान सहा तास ठेवावेत.

तिसरी गोष्ट, पोहोचल्याच्या दिवशी सौदा ठेवू नये. सतरा तासांचा प्रवास करून आलेला माणूस भाव नीट पाडू शकत नाही. एका रात्रीच्या खोलीभाड्यापेक्षा थकव्याने केलेला सौदा महाग पडतो.

चौथी गोष्ट सर्वांनी मिळून करण्याची आहे. आपण म्हणतो, चिकलठाण्याहून सोयीच्या वेळेची विमाने नाहीत, मालाची सोय पुरेशी नाही. तक्रार खरी आहे. पण विमान कंपनी तक्रारीवर येत नाही, आकड्यांवर येते. जालन्यातून महिन्याला किती व्यापारी, किती नोकरदार आणि किती उमरा यात्रेकरू परदेशी जातात, कोणत्या वारी जातात, किती किलो माल बाहेर पाठवला जातो, याची नोंद कोणाकडे आहे? आपल्या व्यापारी संघटनांनी, मग त्या कोणत्याही समाजाच्या असोत, एकत्र येऊन एक साधी वही ठेवावी. एजंट, कारखानदार आणि बियाणेवाले यांच्याकडून वर्षभर आकडे गोळा करावेत. असे आकडे हातात असले की लोकप्रतिनिधींकडे आणि विमान कंपन्यांकडे जाऊन मुंबईच्या रात्रीच्या आंतरराष्ट्रीय विमानांना जुळणारी वेळ मागता येईल. हजच्या भाड्याचा प्रश्नही अधिक कंपन्या येथे आल्या तरच सुटण्याची शक्यता आहे, आणि कंपन्या प्रवासी पाहूनच येतात.

जुने लोक या गावाला "जालना, सोने का पालना" म्हणत. दुबई आपल्यापासून 2,200 किलोमीटरच्या आसपास आहे आणि ती तेवढीच राहणार. आपल्याला कमी करता येतील ते घरापासून विमानापर्यंतचे तास. त्याची सुरुवात पुढच्या तिकिटाच्या मागे, आपल्याच हाताने, जालना सोडण्याची वेळ लिहून करता येईल.